मागे बसणारी रिम्मा

रिम्मा आता आमच्या येना शहरात राहत नाही. जर्मनीच्या उत्तरेला, समुद्राकाठच्या कुठल्याशा रेहामध्ये, म्हणजे पुनर्वसन केंद्रात, तिला नोकरी मिळाली, असं इमारतीची देखभाल करणाऱ्या आमच्या हाउसमाइस्टरकडून कळलं. हे सांगतानाही तो तिच्यावर थोडा घुश्शातच होता. रस्सीखेचीची गोष्ट तो अजून विसरलेला नाही.

येनाच्या लोबेडा भागातल्या आमच्या उंच इमारतींच्या अंगणात उन्हाळ्यात एक छोटा मेळावा असतो. ग्रिलवर सॉसेज, बटाट्याचं सॅलड, मुलांचे खेळ, आणि शेवटी आमच्या जिन्यातल्या लोकांची शेजारच्या जिन्यातल्यांशी रस्सीखेच. त्या वर्षी हाउसमाइस्टरनं सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, रिम्मा आपल्या बाजूला आहे, म्हणजे काळजी नाही. रिम्मा चाळिशी ओलांडलेली, उंचीनं माझ्याएवढीच. पण खांदे आणि मांड्या अशा, की ती जिन्यातून वर येत असली की समोरचा माणूस आपोआप भिंतीला लागून उभा राहायचा. ती दोर धरून उभी राहिली तेव्हाच शेजारच्या जिन्यातले लोक हसत कुरकुरायला लागले. मी दोराच्या दुसऱ्या अंगाला, तिच्या शेजारीच होते. शिट्टी झाली, सगळे ओढायला लागले, आणि मला दिसलं की रिम्माच्या हातात दोर नुसता पडलाय. चेहरा लाल, दात आवळलेले, टाचा मातीत रोवलेल्या. सगळं बरोबर होतं, फक्त ती ओढत नव्हती. आम्ही हरलो.

वर जाताना मी विचारलं, "तू ओढलं का नाहीस?"

"ओढलं की," ती म्हणाली. मग आमच्या मजल्यावर आल्यावर किल्ली शोधता शोधता म्हणाली, "जिंकलं की फोटो काढतात."

तिचं दार आमच्या दाराला लागून. ती फिजिओथेरपिस्ट होती, ट्रामच्या थांब्याजवळच्या एका प्राक्सिसमध्ये, म्हणजे खासगी दवाखान्यात. सायबेरियातून आलेली. आईकडून घराणं मूळचं जर्मन, म्हणून इथं येता आलं. एकटीच राहायची. लग्न झालं होतं आणि मोडलं होतं, याच्यापलीकडे मला त्यातलं काही कळलं नाही. तिच्या काही सवयी मला आधी विक्षिप्त वाटत. माझ्या मुलीला खोकला झाला आणि मी रिम्माच्या घरात असताना गोळीचं पाकीट फोडलं, तर तिनं आतला बारीक अक्षरांचा कागद उलगडून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. गोळी तिला घ्यायची नव्हती. सर्दीचा स्प्रे असो, व्हिटॅमिन असो, पोट दुखल्यावर घ्यायचा काढा असो, ती कागद वाचणारच. पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवून दार उघडायला गेली, तर परत आल्यावर तो ओतून देऊन दुसरा भरायची.

आणि दर जानेवारीत एक आठवडा ती गावाला जायची. म्हणजे तसं सांगायची. फोन आला तर उचलत नसे, बेल वाजवली तर दार उघडत नसे. पण तिच्या बाल्कनीत मोजे वाळत असायचे आणि सकाळी आमच्या भिंतीपलीकडे नळ वाजायचा. मी कधी विषय काढला नाही. शेजाऱ्याला घरात असूनही नसण्याचा हक्क असतो.

ती काय खेळायची ते आम्हाला आमच्या गाडीमुळे कळलं. बर्फात, चढावर, चाकं नुसती गरगर फिरत होती. नवरा स्टिअरिंगवर, मी मागे ढकलत होते आणि घसरत होते. रिम्मा कामावरून येत होती. पिशवी खाली ठेवून तिनं मला बाजूला केलं, मागच्या काचेखाली दोन्ही हात टेकले, पाठ सपाट केली, आणि तोंडातून एक आवाज काढला. गाडी निघाली. गंमत पुढेच झाली. गाडीनं वेग घेतल्यावर रिम्मा थांबली नाही. ती गाडीबरोबर धावत सुटली, आणि चार-पाच ढांगांनी तिचा उजवा पाय उडी मारायला वर उचलला गेला. मग तिला आठवलं असावं की ही साधी गाडी आहे. ती धडपडली, गुडघ्यावर पडली, आणि हसायला लागली. तिचं हसणं खोकल्यासारखं होतं.

"कुठला खेळ?" नवऱ्यानं काच खाली करून विचारलं.

"पूर्वी धावायचे," ती म्हणाली.

पण असं धावणारी बाई आम्ही पाहिली नव्हती. त्या आठवड्यात मी तिचं नाव इंटरनेटवर टाकलं. बॉबस्ले. बर्फाच्या घळीतून सुसाट खाली येणारी पोलादी गाडी. रशियाच्या संघातली रिम्मा, दोघींच्या गाडीतली मागची खेळाडू. जागतिक स्पर्धेत कांस्यपदक. पुढे काही वर्षांनी जपून ठेवलेला लघवीचा नमुना पुन्हा तपासला गेला, त्यात बंदी असलेलं औषध सापडलं, पदक परत, चार वर्षांची बंदी. खाली तिचं एक वाक्य होतं: मी जाणूनबुजून काहीही घेतलेलं नाही. मला ते पटलं. अशा गोष्टी वरून ठरतात, खेळाडूला कोण विचारतं, असं मी माझ्या मनाशी म्हटलं आणि कुणाला काही बोलले नाही.

त्यानंतरच्या ऑक्टोबरमध्ये माझे सासरे मिरजेहून आमच्याकडे आले. आम्ही त्यांना दादा म्हणतो. आयुष्यभर शाळेत खेळाचे शिक्षक, खो-खोचे. नोव्हेंबरात कचरा टाकायला म्हणून खाली गेले आणि ओल्या पानांवर घसरून खुब्याचं हाड मोडून घेतलं. ऑपरेशन, मग रेहा, मग व्हिसा वाढवण्याची धावाधाव. घरी आले ते वॉकर घेऊन आणि चिडून. घरी येऊन व्यायाम घ्यायला प्राक्सिसनं माणूस पाठवायचं ठरवलं. बेल वाजली. दारात रिम्मा, हातात रबरी पट्टा.

"मीच मागून घेतले यांना," ती मला म्हणाली. "जिना चढावा लागत नाही."

दादांना जर्मन येत नव्हतं आणि इंग्रजी दोघांनाही यथातथाच. पण पहिल्याच दिवशी त्यांनी तिला खुर्चीवरून उठताना पाहिलं आणि मला म्हणाले, "ही खेळलेली बाई आहे गं. टाच बघ कशी टेकवते."

रिम्माचं एकच वाक्य सारखं असायचं, नोख माल, पुन्हा एकदा. पाय उचला, नोख माल. वाकवा, नोख माल. दादांना ते तिचं आडनावच वाटलं. "नोकमालबाई आल्या का?" ते विचारायचे. कळल्यावरही त्यांनी ते बदललं नाही. तिनं त्यांच्याकडून "उठा" आणि "अजून एक" उचललं. ती दादांना "डाडा" म्हणायची. एकदा मी ऑफिसमधून आले तर दादा सोफ्यावरून हातवारे करून सांगत होते आणि आमच्या बैठकीच्या खोलीत रिम्मा खो-खोच्या खेळाडूसारखी उकिडवी बसली होती, बोटांची टोकं जमिनीवर टेकवून, एक पाऊल मागे, मान वळवून. "बघ," दादा मला म्हणाले, "माझ्या पोरांना हे शिकायला वर्ष लागायचं."

त्यांनी खेळ विचारला तेव्हा तिनं सांगितला, राष्ट्रीय संघात होते, तेही सांगितलं. झालं. त्या संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर मिरजेतल्या त्यांच्या सगळ्या जुन्या सहकाऱ्यांना बातमी गेली: एक आंतरराष्ट्रीय खेळाडू माझा व्यायाम घेते. दुसऱ्या खेपेला त्यांनी फोन तिच्यासमोरच धरला. "हे आमचे देशपांडे सर, यांना नमस्कार कर." रिम्मा पट्टा शोधायच्या निमित्तानं खाली वाकली आणि चौकटीतून बाहेर गेली ती कॉल संपेपर्यंत वर आलीच नाही.

मग एक दिवस दादांनी ढालीची गोष्ट सांगितली. आमच्या घरात ती सगळ्यांना पाठ आहे. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात दादांच्या शाळेनं ढाल जिंकली. महिन्याभरानं त्यांना कळलं की त्यांच्या सगळ्यात चपळ पोराचं वय लपवलेलं होतं. कुणी तक्रार केली नव्हती, कुणाला कळलंही नसतं. दादा स्वतः एसटीत बसून गेले आणि ढाल परत देऊन आले. हेडमास्तर पुढे कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. मी जर्मनमध्ये सांगत गेले. ही गोष्ट ऐकली की लोक दादांकडे कौतुकानं बघतात, आणि दादाही त्या बघण्यासाठी जरा थांबतात. रिम्मानं विचारलं, "आणि तो मुलगा?"

"कुठला?" दादा म्हणाले.

"ज्याचं वय लपवलं होतं. पुढे खेळला का तो?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. "शाळा सोडली त्यानं," ते म्हणाले. "पुढचं मला माहीत नाही."

रिम्मानं मान हलवली, पट्टा गुंडाळला आणि वेळ संपायच्या आधीच गेली.

पुढच्या खेपेला दारात एक तरुण पोरगा उभा होता, प्राक्सिसचाच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तोच. दादांनी त्याला पाय उचलून दाखवले, पण मनापासून नाही. "मी काही वावगं बोललो का तिला?" ते मला दोन-तीनदा म्हणाले. शेवटी मी शेजारची बेल वाजवली.

रिम्मानं दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. "त्यांना सांग, माझ्याकडे पेशंट जास्त झालेत."

"ते खोटं आहे हे त्यांना कळेल."

"कळू दे."

"रिम्मा, मला माहीत आहे," मी म्हटलं. "बंदीचं. मी वाचलंय. त्यात तुझा काय दोष होता?"

तिनं अंगावर स्वेटर चढवला. "आल्झो, तर मग," ती म्हणाली. "चल. आणि मी सांगीन ते जसंच्या तसं सांग. गोड करू नको."

रविवारची दुपार होती. दादा खिडकीपाशी बसले होते. तिला बघून त्यांचा चेहरा फुलला आणि त्यांनी उठायला हात पुढे केला. तिनं तो घेतला नाही. समोरच्या खुर्चीत बसली, हात मांडीखाली दाबून, आणि सांगायला लागली. मी भाषांतर करत गेले.

गाडीत दोघी असतात. दोघी ढकलतात, धावतात, उड्या मारून आत बसतात. पुढची चालवते, मागची शेवटी ब्रेक लावते. पुढे ल्युदा होती. "मागची काही बघत नाही," रिम्मा म्हणाली. "डोकं खाली घालून बसायचं. मला एकही ट्रॅक डोळ्यांनी माहीत नाही, पोटानं माहीत आहे. ल्युदा नेईल तिकडे जायचं. सात वर्षं मी तिच्या पाठीमागे डोकं घालून बसले." पदकाच्या त्या हिवाळ्यात रिम्माची मांडी दुखावली. संघात एक नवीन मुलगी आली होती, तिच्याहून वेगानं धावणारी. मागची जागा जाणार हे दिसत होतं. संघाच्या मालिशवाल्यानं एक दिवस बाटली पुढे केली.

"तिला विचार," दादा मध्येच म्हणाले, "तिला माहीत होतं का त्यात काय आहे?"

मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं, निदान मला तसं वाटत होतं.

"हो," रिम्मा म्हणाली. "मी त्याला विचारलं, त्यानं सांगितलं. मग मी घेतलं."

मी ते मराठीत सांगायला क्षणभर थांबले. रिम्मा जर्मनमध्ये म्हणाली, "सांग."

मी सांगितलं. तिनं पुढचं सांगितलं. नमुना पुन्हा तपासला तेव्हा ती इथंच होती, लहान मुलींना धावायला शिकवत होती. चौकशी झाली. पदक दोघींचं मिळून होतं, त्यामुळे दोघींचं जाणार होतं. ल्युदानं काहीच घेतलेलं नव्हतं. आणि ल्युदा त्या चौकशीत, सगळ्यांसमोर उभी राहून म्हणाली, की मी हिला ओळखते, ही असं करणारच नाही, हिला कुणीतरी फसवलंय. रिम्मा शेजारी बसली होती. तिनं मान खाली घातली. सगळ्यांना ते दुःख वाटलं. "तेव्हाही मी डोकं खालीच घातलं होतं," ती म्हणाली. "सवय."

"आता ती कुठे असते?" दादांनी विचारलं.

"दुसऱ्या एका छोट्या देशाच्या मुलींना शिकवते. दर जानेवारीत त्यांना घेऊन ओबरहोफला येते, सरावाला. इथून तासाभरावर. मला फोन करते, भेटायला ये म्हणते. मी गावाला गेले म्हणून सांगते."

"तिला सांगितलंस हे?"

"नाही."

दादांनी वॉकर जवळ ओढला. "मग मला कशाला सांगतेस?" ते म्हणाले.

हे वाक्य मराठीतही कठोर होतं. मी म्हटलं, "दादा, अहो, हे मी कसं..." पण रिम्मा माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मी ते जसंच्या तसं जर्मनमध्ये सांगितलं. तिचा चेहरा लाल झाला. पोटापर्यंत लाज पोचलेल्या माणसाचा चेहरा कसा दिसतो ते मी त्या दिवशी पाहिलं. ती ओशाळून हसली नाही, रडली नाही. कान, गळा, छातीचा वरचा भाग, सगळं हळूहळू लाल होत गेलं, आणि ती ते लपवायला हलली नाही.

"गेनाऊ," ती म्हणाली. बरोबर आहे.

दादा त्या दिवशी व्यायाम करायला तयार झाले नाहीत. "आज नको," एवढंच म्हणाले. पण पुढच्या खेपेला रिम्मा आली आणि ते उठले. तिनं आकडे मोजले, त्यांनी पाय उचलले. नोकमालबाई म्हणणं मात्र थांबलं. ते तिला काहीच म्हणत नव्हते. मला वाटायचं, या शांततेपेक्षा दादा तिला ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं. रात्री जेवताना ते एकदा एकदम म्हणाले, "त्या पोराचं नाव सुद्धा आठवत नाही मला." कुठलं पोर, ते मी विचारलं नाही.

जानेवारी आला. एका सकाळी रिम्मा आमच्या दारात आली. ल्युदाचा फोन आला होता, आणि या खेपेला ती गावाला गेली नव्हती. "तू गाडी चालवशील?" तिनं मला विचारलं. "मला आज जमणार नाही." आत दादा कानटोपी शोधायला लागले होते. त्यांना कुणी चला म्हटलं नव्हतं, पण त्यांना नको म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. रिम्मानंच त्यांच्या बुटांना बर्फात न घसरणारे खिळ्यांचे पट्टे बांधले.

ओबरहोफला जंगलात दाट धुकं होतं. आम्ही ट्रॅकच्या खालच्या टोकाला, गाड्या जिथं येऊन थांबतात तिथल्या कठड्यापाशी उभे राहिलो. वर झाडांमधून घरघर यायची, वाढत वाढत यायची, आणि एकदम एक गाडी समोरून निघून जायची. पुढचं हेल्मेट वर, मागचं दिसतही नव्हतं. दादा प्रत्येक गाडीला मान वळवत होते. सराव संपला. ल्युदा आली, उंच, किडकिडीत बाई, गळ्यात शिट्टी. रिम्माला बघून तिनं लांबूनच दोन्ही हात पसरले, आणि धावत येऊन तिला मिठी मारली. रिम्मानं ती मारू दिली. मग तिचा हात धरून तिला बाजूला, कठड्याच्या टोकाला नेलं.

आम्हाला ऐकू येत नव्हतं, आणि आलं असतं तरी रशियन कळलं नसतं. रिम्मा बोलत होती, या वेळी मान वर करून. ल्युदा आधी हसली, मग हसणं तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि त्याच्यामागून बाकीचा चेहरा निघून गेला. तिनं एकदाच काहीतरी विचारलं. ल्युदा वळून आपल्या मुलींकडे गेली.

रिम्मा आमच्याजवळ आली. दादांनी मला खूण केली, विचार. मला विचारायला लागलं नाही.

"तिनं विचारलं, मी ते घेतलं नसतं तर आम्ही कितव्या आलो असतो," ती म्हणाली. "ल्युदाच म्हणाली, त्या दिवशी मी आयुष्यात सगळ्यात चांगली गाडी चालवली होती. ते पदक माझ्या चालवण्याचं होतं की तुझ्या बाटलीचं?"

मी दादांना सांगितलं.

"मग ही काय म्हणाली?" दादांनी विचारलं.

"ते कुणालाच कधी कळणार नाही," रिम्मा म्हणाली. "हे मी तिला काय सांगणार?"

पलीकडे ल्युदाच्या मुली त्यांची गाडी ट्रकवर चढवत होत्या. ती भलतीच जड असते, चौघींचं काम. तिघीच होत्या. त्यांनी एकदा उचलून पाहिली आणि परत टेकवली. एकीनं इकडे तिकडे पाहिलं. रिम्मा आमच्याशी बोलता बोलताच निघाली. विचार करून निघाली असं मला वाटत नाही. तिचे पायच निघाले. मोकळ्या कोपऱ्याशी जाऊन ती वाकली, पाठ सपाट केली आणि गाडीखाली हात घातले. मुली तिच्याकडे बघून हसल्या. कुणीतरी आकडे म्हणायला लागलं.

ल्युदा ट्रकच्या दाराशी होती. ती एकच शब्द बोलली, मोठ्यानं नाही.

रिम्मानं हात काढले. मुलींना काही कळेना. ल्युदा स्वतः आली, त्याच कोपऱ्याला वाकली, आणि चौघींनी गाडी उचलून ट्रकवर चढवली. फळी लागली, ट्रक वळला, झाडांत दिसेनासा झाला. रिम्मा होती तिथंच उभी होती, दोन्ही हात अंगापासून जरा लांब धरून, ओले असल्यासारखे. बर्फ भुरभुरायला लागला होता आणि तिच्या डोक्यावर टोपी नव्हती.

मी तिला हाक मारणार होते. दादांनी माझी बाही धरली.

"राहू दे," ते म्हणाले.

आम्ही कठड्यापाशी थांबून राहिलो. ती यायची तेव्हा आली.